वाटेकरी

सोंग या शब्दाला आपल्याकडे उगाच बट्टा लागला आहे. माणूस खोटे वागू लागला की आपण म्हणतो, याने सोंग घेतले. झोपेचे सोंग, आजारपणाचे सोंग. आणि सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, हे तर घरोघर ऐकलेले. पण मी ज्या गावात लहानाचा मोठा झालो तिथे सोंग म्हणजे खोटेपणा नव्हता. तिथे सोंग म्हणजे नवरात्राच्या जागराला देवळापुढे, गॅसबत्तीच्या उजेडात, गावातल्याच दहाबारा माणसांनी मिळून एखादी कथा उभी करणे. पुस्तक नाही, पाठांतर नाही, पडदा नाही. तालीम तर नाहीच नाही. कथा सर्वांना ठाऊक असायची. बोलायचे काय, ते उभे राहिल्यावर सुचेल तसे.

गाव सुपे. नगरकडे पारनेर तालुक्यात एक सुपे आहे, ते वेगळे. हे बारामती तालुक्यातले. शहाजीराजांच्या जहागिरीचे नाव घेताना पुणे आणि सुपे असे जोडीने म्हणतात, त्यातले. सभासदाच्या बखरीत या गावाची एक हकीकत आहे. सुप्याचा कारभार संभाजी मोहिते यांच्याकडे होता. हे शिवाजीमहाराजांच्या सावत्र आईचे बंधू, म्हणजे नात्याने मामा. महाराज शिमग्याच्या सणाचे पोस्त मागायला आलो असे दाखवून त्यांच्याकडे गेले आणि मामांना कैद करून त्यांनी महाल ताब्यात घेतला. आमचे मामा ही गोष्ट फार रंगवून सांगत आणि शेवटी डोळे मिचकावून म्हणत, "सुप्यात पयलं सोंग कुनी केलं, सांग बरं?"

मामांचे पेठेत शिलाईचे दुकान होते. आमचे वडील लवकर गेल्यामुळे आई मला घेऊन माहेरी आली, आणि माझी शाळा सुप्यालाच झाली. त्यामुळे सोंगांचा सगळा संसार मी दुकानाच्या उंबऱ्यावर बसून पाहिला. घटस्थापना झाली की संध्याकाळी चारपाच जण दुकानात जमायचे. आज काय घ्यायचे? हरिश्चंद्र? मागल्या साली झाला. कीचकवध? भीम आजारी आहे. असे करता करता एक कथा ठरे. मग वाटणी. ती फारशी करावी लागत नसे, कारण कोणते सोंग कोणाचे हे वर्षानुवर्षे ठरलेलेच असे. मामा एकतारी घेऊन नारद व्हायचे. कापडाच्या चिंध्यांतून मुकुटाची झालर, दैत्याच्या मिशा, ऋषीची दाढी हेही त्यांच्याकडेच.

नियम एकच होता आणि तो कोणी कोणाला शिकवलेला मला आठवत नाही. समोरच्याने टाकलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. तो काहीही बोलो, ते खरे धरून पुढे जायचे. एकदा रावणाने भर दरबारात मारुतीला विचारले, "येताना नीरेला उतरलास का जेजुरीला?" मारुतीने डोळ्याचे पाते न लववता सांगितले, "जेजुरीला गाडी थांबली न्हाई, म्हून उडत आलो." लोक हसून लोळले, पण त्यानंतरही लंका जळायची ती जळालीच, आणि सीतेच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा बायकांच्या बाजूलाही पदर डोळ्यांना लागले.

पुढे नोकरीनिमित्त कोकणात राहण्याचा योग आला तेव्हा सावंतवाडीकडे दशावतार पाहिला, आणि मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. तिथेही हेच. पेटारा घेऊन मंडळी गावात येतात, संध्याकाळी रंगायला बसता बसता आख्यान ठरते, आणि रात्रभर राजे, राक्षस, ऋषी आपापले संवाद जागच्या जागी घडवीत जातात. देशावरच्या तमाशात गण, गवळण, बतावणी झाली की वग लागतो, त्याचेही असेच. 'गाढवाचं लग्न' मध्ये सावळ्या कुंभार करणारे दादू इंदुरीकर रोज तोच वग करीत आणि रोज नवे बोलत, असे म्हातारी माणसे कौतुकाने सांगतात. त्यांना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा मान मिळाला. तो वगही पाहा कसा आहे: इंद्राच्या शापाने गाढव झालेला गंधर्व आपले मूळ रूप परत मिळण्याची वाट पाहतो आहे. आपल्या लोकांना ही एक कथा मनापासून आवडते. शापाने दगड झालेली बाई, मगर झालेला गंधर्व, दरोडेखोर झालेला ऋषी. कोणीतरी आपले खरे नाव हरवून बसला आहे आणि दुसऱ्या कोणाच्या तरी पायाने, हाताने किंवा शब्दाने ते त्याला परत मिळते.

आमच्या गावी ही कथा म्हणजे वाल्या कोळी. मोरगाव, जेजुरी ओलांडून पुढे गेले की पुरंदर तालुक्यात वाल्हे लागते. ते वाल्याचेच गाव अशी आमच्या मुलखाची श्रद्धा; तिथे वाल्मीकींची समाधी दाखवतात, आणि ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी जेजुरीहून निघाली की तिचा मुक्काम वाल्ह्याला पडतो. त्यामुळे वाल्या आम्हांला पुराणातला वाटतच नसे. तो तालुका सोडून शेजारच्या तालुक्यातला, म्हणजे जवळजवळ सोयऱ्यातला.

पुढे कॉलेजात गेल्यावर मला एक गंमत कळली. मूळ रामायणात ही वाटमारीची कथा नाहीच. उलट उत्तरकांडात वाल्मीकी स्वतःची ओळख प्रचेताचा दहावा मुलगा म्हणून करून देतात आणि आपण मनाने, वाचेने, कृतीने कधी पाप केले नाही असे सांगतात. वाटमारीची कथा नंतरच्या ग्रंथांत आली. अध्यात्मरामायणात ती आहे, पण तिथे वाल्याला अडवणारा नारद नाही, सप्तर्षी आहेत. एक गोष्ट मात्र तिथेही तीच. घरची माणसे म्हणतात, पाप तुझे तुला. आम्ही फळाचे धनी. सगळी कथा त्या एका नकारावर उभी आहे. बायको नाही म्हणते म्हणून वाल्याचे डोळे उघडतात, डोळे उघडतात म्हणून तो 'मरा मरा' म्हणत बसतो, बसतो म्हणून अंगावर वारूळ चढते, आणि वारूळ म्हणजे वल्मीक म्हणून त्याचे नाव वाल्मीकी. बायको हो म्हणाली तर रामायणच नाही.

आमच्या सोंगात वाल्याचे रांजण म्हणजे घरोघरून मागून आणलेले सात माठ. वाल्या झाडाआडून उडी घ्यायचा, कोणालातरी लुटायचा आणि एक खडा माठात टाकायचा. हा भाग विनोदाचा. लुटले जाणारे सारे ओळखीचे: बाजारात मापात मारणारा, पावसाळा संपल्यावर येणारा तलाठी, तपासणीला येऊन कोंबडी खाऊन जाणारा साहेब. मग नारद. मग घर, घरात बायको जात्यावर. तिचा नकार. मग वारूळ. हे वारूळ म्हणजे कोंबड्या झाकायचे मोठे डालगे आणि त्यावर काळे घोंगडे. वाल्या आत शिरायचा. नारद अभंग म्हणत फेऱ्या घालायचा. तेवढ्या वेळात मागून अंधारातून दुसराच माणूस पुढे यायचा: छातीपर्यंत पांढरी दाढी, गळ्यात माळा. हे वाल्मीकी. हे सोंग गावातले एक जुने माळकरी करीत. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणत असू. म्हणजे वाल्या करणारा माणूस कधी वाल्मीकी होतच नसे. तो डालग्याखाली बसून राहायचा, आणि सगळे पांगल्यावर अंग झाडत बाहेर यायचा. लहानपणी याचे आम्हांला काहीच वाटले नाही.

वाल्या करायचे ते दाजी. धिप्पाड माणूस, आवाज खणखणीत. ते मूळचे सुप्याचे नव्हेत. सासुरवाडीला येऊन राहिलेले, म्हणून साऱ्या गावाचे दाजी. त्यांची बायको गावची लेक, ती सगळ्यांची आक्का. जावयाला गावात नाव नसते, नाते असते. त्यांचे खरे नाव मला पुढे शिधापत्रिकेवर वाचून कळले, आणि ते कोणा परक्याचे असावे असे वाटले.

आता थोडे कर्जाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढच्या गोष्टीत ते आले. सुपे इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्यांदा येते ते १८७५ साली. त्या वर्षी १२ मे रोजी, बाजारच्या दिवशी, शेतकऱ्यांनी इथल्या सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. लूट झाली, कर्जाची खते हिसकून घेतली गेली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांतून हे लोण पसरले. ठिकठिकाणी खतांच्या होळ्या झाल्या. सरकारने चौकशीला आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे त्याने बंद झाले. पण माझ्या आजीच्या तोंडी 'खत' हा शब्द शंभर वर्षांनीही भुताखेतासारखा यायचा. "आजा मरतो, बाप मरतो, खत काय मरत न्हाई," असे ती म्हणायची. कर्ज एकाने काढायचे आणि घराने फेडायचे. त्यात वाटणी मागायला कोणी जात नसे, ती आपोआप पदरात पडे.

आणि १९७२. आमचा भाग जिरायती. बारामतीच्या खालच्या बाजूला कालव्याचे पाणी, ऊस, कारखाने. वर आमच्याकडे आभाळाकडे पाहणे. त्या साली पावसाने पाठ फिरवली. गावेच्या गावे खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला गेली. कामावर मुलांना सुकडी मिळायची, रेशनला परदेशातून आलेली तांबडी मिलो. तिच्या भाकरीला वास यायचा आणि ती थापताना तुटायची. मामी थापता थापता रडायची. दाजींच्या घरी चार मुले. धाकटी मुलगी आजारी.

१९७३च्या उन्हाळ्यात एका गोदामातून ज्वारीचे एक पोते गेले. दुसऱ्या दिवशी ते दाजींच्या घरी सापडले. निम्मे दळून झालेले होते. गोदामाच्या राखणदाराने ओळख पटवली, साक्ष दिली. दाजींना शिक्षा झाली. ते परत आले तेव्हा चांगला पाऊस होऊन गेला होता, रानात कणसे डोलत होती, आणि गावात त्यांना दाजी म्हणणारे कोणी उरले नव्हते. आक्का आक्काच राहिल्या. पण त्यांचा नवरा 'त्यो' झाला. "त्यो आलाय." "त्याच्या आळीला नगं जाऊस." घरातले वडीलधारे बोलत नाहीत म्हटल्यावर आम्ही पोरेही ते दिसले की खाली बघून निघून जायचो. नाते गावाने दिले होते; गावाने काढून घेतले.

तो राखणदारही आमच्या सोंगांतलाच. शेलाटा, गोरटेला, नाजूक आवाजाचा. सीता, द्रौपदी, तारामती, वाल्याची बायको, सारी स्त्रीसोंगे त्याची. दरवर्षी घटस्थापनेला तो मिशा काढायचा आणि दिवाळीपर्यंत त्या पुन्हा राखायचा. यावरून त्याची चेष्टा चाले, ती तो हसून घेई. साक्ष दिल्यापासून मात्र तो हसत नसे. खरे बोलला होता, तरी.

१९७४च्या नवरात्रात दुकानात बैठक बसली, आणि कोणीतरी वाल्याचे नाव काढले. मग सगळेच गप्प. मामांनी कात्री खाली ठेवली, टोपी घातली आणि ते उठले. मी मागोमाग गेलो. वाटेत मामी भेटली. काय ते तिच्या ध्यानात आले. "चोराला चोराचं सोंग देताय? जखमंवर मीठ चोळायचं का त्याच्या?" ती म्हणाली.

"सोंग त्याचंच हाय," मामा म्हणाले. "मी कोन देनारा?"

दाजी अंगणात दोर वळत बसले होते. मामांनी विचारले. त्यांनी वर पाहिले नाही. पुष्कळ वेळाने म्हणाले, "लोकं हसतील. वाल्याला हसू द्या. पन वाल्मीक झाला तवा हसली तर देवाची इटंबना."

"आरं, वाल्मीक तू कुठं हुतोस? ते तात्या हुतात. तू आपला डालग्याखाली."

"मंग येतो," दाजी म्हणाले.

राखणदाराला कोणी विचारले नाही. त्याने मिशा काढल्या होत्या, एवढे गावाने पाहिले.

आठव्या माळेची ती रात्र. गर्दी नेहमीच्या दुप्पट. लोक सोंग पाहायला आले नव्हते, काय होते ते पाहायला आले होते. माणसाचा स्वभाव आहे. बायकांच्या बाजूला अगदी मागे, देवळाच्या ओवरीच्या खांबाला टेकून आक्का बसल्या होत्या.

दाजींनी उडी घेतली आणि पहिल्या माठापाशी आले. तलाठी लुटला. खडा पडला. लोक हसले, पण ते हसणे दबकत दबकत. दुसरा, तिसरा, चौथा. दाजी नेहमीसारखेच बोलत होते. मला तर वाटले, सगळे ठीक झाले. सातव्या माठापाशी ते थांबले. समोर कोणी लुटायला आलेच नव्हते. ज्याची पाळी होती तो मुलगा धोतर सावरत मागे उभा होता. दाजींनी खडा उचलला, सर्वांना दिसेल असा धरला आणि म्हणाले, "ह्यो जवारीच्या पोत्याचा." आणि टाकला.

मातीच्या माठात एक खडा पडल्याचा आवाज तो केवढा. पण तो ओवरीपर्यंत गेला असेल.

मामा अजून प्रवेशाची वाट पाहत बाजूला होते. ते तसेच पुढे झाले. एकतारी वाजवायची राहून गेली. "कुनासाठी रं?" त्यांनी विचारले.

"घरच्यांसाठी."

"मंग त्यांना जाऊन इचार. वाटेकरी हुत्यात का बघ."

इथपर्यंत कथा रुळावर होती. दाजी वळले. सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन राखणदार खोटे जाते ओढत बसला होता. दाजी त्याच्यापुढे उभे राहिले. दोघे एकमेकांशी बोलल्याला दीड वर्ष झाले होते.

"कारभारनी," दाजी म्हणाले, "म्या वाटा मारल्या. तुमाला घातलं. माज्या पापात वाटेकरी हुशील का?"

याचे उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होते. आमाला पोसनं तुजं काम, पाप तुजं तुला. राखणदाराने जाते थांबवले. त्याचा हात खुंट्यावर तसाच होता. गॅसबत्तीची सरसर तेवढी ऐकू येत होती. मग त्या बारीक, बाईच्या आवाजात तो म्हणाला:

"खताला अंगठा द्यायच्या वक्ताला घरातलं समदं वाटेकरी. दुकळात खाताना समदं वाटेकरी. आन् पोतं निघालं तवा दार म्या उघाडलं. आता म्या न्हाई कशी म्हनू?"

घराचे दार, असे ज्याला ऐकायचे होते त्याने ऐकले. पण पोते घरात येते, गोदामातून निघते. त्याने 'निघालं' म्हटले होते.

कोणी हालले नाही. मी मामांकडे पाहिले. नारद अडला होता. बायको हो म्हणाली. आता वाल्या कशाने विरक्त होणार? आणि समोरच्याचा शब्द तर खाली पडू द्यायचा नाही. मामांनी एकतारी छेडली, एक फेरी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. लोकांना वाटले अभंग म्हणतील. ते म्हणाले, "बाई, वाटेकरी म्हनून तोंडानं काय हुतंय? निम्मे खडे उचल."

राखणदार उठला. त्याने पदर पसरला, सातव्या माठापाशी बसला आणि हात घालून खडे काढू लागला. एक त्याने पदरात घ्यायचा, एक माठात ठेवायचा, असे मोजून. लुगड्याचा पदर खाली ओढत होता, तो दातात धरून त्याने निम्मे खडे संपवले. बराच वेळ लागला. सोंगात एवढा वेळ काही न बोलता जाऊ देत नाहीत, पण त्या रात्री कोणी खोकलेसुद्धा नाही.

"आता दोघं बसा," नारद म्हणाला.

डालगे एकालाच पुरणारे. दाजी आत गेले. राखणदार बाहेर घोंगड्याचे टोक धरून बसला. आतून खणखणीत 'मरा मरा', बाहेरून बारीक 'मरा मरा'. मामांचा अभंग सुरू झाला. एक संपला, दुसरा झाला. तात्यांनी यायला हवे होते. मी मान वळवून पाहिले. अंधारात तात्या उभे होते. दाढी बांधलेली, माळा घातलेल्या. त्यांनी कानामागची गाठ सोडली, दाढी हातात घेतली, आणि पुरुषांच्या बाजूला येऊन सरळ लोकांत बसले. दुसऱ्या दिवशी कोणी विचारले तेव्हा म्हणाले, "पाय आखडला हुता."

तिसरा अभंगही संपत आला. शेवटी डालगे हलले, घोंगडे सरकले, आणि दाजी बाहेर आले. अंगाला कोंबड्यांची पिसे, कपाळावर घाम, तोंडावर ना दाढी ना रंग. कुठे उभे राहावे हेही त्यांना कळेना. त्या जागी ते पूर्वी कधी उभे राहिलेच नव्हते. मामांनी एकतारी खाली ठेवली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. कथेत नारद वाल्मीकींना नमस्कार करीत नाही. पण तेही चालून गेले.

मागून एका पोराने विचारले, "दाढी कुठाय वाल्मीकाची?"

पुढच्या रांगेतली एक म्हातारी त्याच्यावर खेकसली, "आसू दे. वाढंल."

तेव्हा कुठे लोक हसले, मोकळे हसले.

पुढे यावर पुष्कळ चर्चा झाली. एका कीर्तनकारांनी मामांना बोल लावला की, तुम्ही कथेचा कणाच मोडलात. बायकोने वाटा घेतला तर वैराग्याला जागा कुठली? मला शास्त्रातले कळत नाही, आणि कीर्तनकारबुवांचे म्हणणे चुकीचे होते असेही म्हणवत नाही. ती जुनी कथा माणूस पापात एकटा असतो हे सांगते, आणि ते खरेच आहे. पण ती सांगणाऱ्यांनी सप्तर्षींचा नारद केला, वाल्याला आमच्या शेजारच्या गावात आणून बसवले. मग सुप्याने तिच्यात एक ओंजळ खडे इकडचे तिकडे केले, त्याला फार नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. मामा त्यांना एवढेच म्हणाले, "म्या काय केलं? त्यानं शबूद टाकला, म्या झेलला."

राखणदाराची कोणी चौकशी केली नाही. गावाचा दंडक होता, सोंगातले सोंगात. महिनाभरात त्याने आपण होऊन गोदामाची नोकरी सोडली आणि खाली कारखान्याच्या भागात कामाला गेला. पुढची चारपाच वर्षे नवरात्रात मात्र मिशा काढून यायचा. वाल्याच्या बायकोने काय म्हणायचे यावर मग दरवर्षी दुकानात वाद व्हायचा, आणि दरवर्षी तो म्हणायचा, "हुबं ऱ्हायल्यावर बघू." कधी ती नाही म्हणे, कधी हो. पण वारुळातून बाहेर यायचे ते दाजींनीच, हे कायम झाले. तात्यांची दाढी मामांच्या दुकानात खुंटीला लटकत राहिली. तिला कसर लागली तेव्हा मामीने ती फेकून दिली.

त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का ताट झाकून घेऊन राखणदाराच्या घरी गेल्या. दीड वर्ष त्या त्याच्या दारावरून पाणी आणत नव्हत्या, लांबच्या वळणाने जात. ताटात कडाकण्या होत्या असे त्याच्या मुलाने आम्हांला शाळेत सांगितले.

मग दसरा. सीमोल्लंघन करून लोक गावात परतले, घरोघर आपट्याची पाने वाटणे सुरू झाले. मी मामांबरोबर दाजींच्या आळीला गेलो. आमच्या पुढे तात्या होते. दाजी अंगणातच बसले होते. कोणी येईल असे धरलेले नसावे, कारण अंगात जुनीच बंडी होती. तात्या त्यांच्यापुढे उभे राहिले, मुठीतली पाने पुढे केली आणि म्हणाले, "दाजी, सोनं घ्या."

दाजी उठले. त्यांनी दोन्ही हातांनी पाने घेतली. परत द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हते. ते तसेच उभे राहिले, तोच आक्का आतून पाने घेऊन आल्या.